केस वाढले की ये

३ ऑक्टोबर

थोरल्या,

सहा वर्षांनी लिहितोय, तेव्हा अक्षर ओळखायला तुला जरा वेळ लागेल. आईचं पत्र समजून फोडलं असशील तर आता बंद करू नकोस, पुढे वाच.

तुमचं जहाज दुरुस्तीला बंदरात लागलंय आणि धाकट्याच्या पुतळ्याच्या अनावरणाला तू येणार आहेस, असं तू आईला कळवलंस. तुझं पत्र तिने माझ्या हातात दिलं नाही. भाजी निवडता निवडता मोठ्याने वाचलं, जणू काही पेपरातली बातमीच. मला ऐकवायचंच होतं, हे न कळण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही.

तर लिहायचं कारण असं, की तू येऊ नकोस.

रागाने म्हणत नाही. राग धरायला अंगात जोर लागतो, तो आता नाही. पण घरात जागा नाही. तुझ्या खोलीत मी फ्रेमांच्या पट्ट्या आणि काचा भरून ठेवल्यात, पाय ठेवायला जागा नाही. तुझ्या आईला दगदग सोसत नाही. शिवाय तुझी नोकरी परक्यांची, सुट्टी मागितली की नजरेत येतं. इथे होणार काय, तर चौकात चबुतरा, त्यावर पुतळा, त्यावर कापड. कुणीतरी मोठा माणूस येऊन दोरी ओढणार. लोक टाळ्या वाजवणार आणि घरी जाणार. त्यासाठी एवढ्या लांबून कशाला यायचं?

तो गेला तेव्हा तू भर समुद्रात होतास, येऊ शकला नाहीस, याबद्दल मी कधी चकार शब्द काढलेला नाही. आईला विचार हवं तर. लढाईत टेकडीवर जिथे तो पडला तिथेच फौजेने त्याला पुरलं, आम्हालाही काही बघायला मिळालं नाही. मग तू न बघितल्याचं काय एवढं?

अनावरण २१ नोव्हेंबरला आहे. तू डिसेंबरात ये. निवांत राहा. खोली रिकामी करून ठेवतो.

कळावं. लोभाचं काय लिहू, तुला माहीतच आहे.

बाबा


१५ ऑक्टोबर

थोरल्या,

तुझं कार्ड मिळालं. "तो माझा भाऊ होता. मी येणार." एवढंच. पैसे वाचवायला तार करतात तसं. लहानपणी तुझ्या तोंडाचा पट्टा चालू झाला की बंद व्हायचा नाही. समुद्राने गप्प केलेलं दिसतंय.

बरं. येणारच असशील तर काही गोष्टी सांगून ठेवतो.

एक, दाढी वाढव. हसू नकोस. तुम्ही जहाजावरचे लोक ठेवताच, असं ऐकून आहे. चांगली भरघोस वाढव, हनुवटी दिसता कामा नये. दुसरं, पहिल्या रांगेत आईजवळ बसायचा हट्ट धरू नकोस. मागे उभा राहा. टोपी असेल तर घाल. आणि सहा वर्षांत अंगाने सुटला असशील तर उत्तमच. तिकडे खायला-प्यायला बरं मिळतं म्हणतात. एखादा अलीकडचा फोटो असला तर पाठव, म्हणजे मला अंदाज येईल.

तू म्हणशील, बापाला झालंय काय? तुझ्या जहाजावर जाण्यावरून झालेलं आपलं भांडण लोकांना माहीत आहे, समारंभात कुजबुज नको, एवढंच. पुतळा समितीचे अध्यक्ष म्हणजे चौकातले कापडवाले, त्यांना सगळं शिस्तीत लागतं. ताग्याची घडी मोडली तर त्यांच्या पोटात दुखतं, तर समारंभाचं विचारूच नकोस.

परवा न्हाव्याकडे गेलो होतो. तो अजून तसाच आहे, हात कमी आणि तोंड जास्त. मला खुर्चीत बसवून म्हणतो, "साहेब, तुम्ही पेपराला दिलेला फोटो मी आरशाला चिकटवलाय बघा. रुबाबदार आलाय आपला ससा, तुमचा धाकटा! आणि कान काय मस्त आत घेतलेत तुम्ही. हाताची कमाल आहे. मी केस कापायचो तेव्हा एकेक कान दुमडून धरावा लागायचा. तर म्हणायचा, काका, घट्ट धरा, नाहीतर वाऱ्याने उडेन."

दुकानातले सगळे हसले. मीही हसलो. आरशात बघायचं टाळत होतो, पण मान त्याच्या हातात, जाणार कुठे? एका बाजूला माझं तोंड साबणाने माखलेलं आणि शेजारी तो फोटो.

"हो," मी म्हटलं, "कान थोडे आत घेतले."

घरी आलो आणि जेवलो नाही. आईला सांगितलं, पोट बिघडलंय.

दाढीचं विसरू नकोस.

बाबा


२७ ऑक्टोबर

थोरल्या,

तू पाठवलेला फोटो मिळाला. डेकवर उभा आहेस, हातात दोरखंड. अंगाने सुटलेला नाहीस. दाढी नाही. तसाच्या तसा आहेस. फोटो कुणी काढलाय? क्षितिज तिरकं आलंय. मागे लिहिलंयस, "आता खरं कारण सांगा."

सांगतो. तीन वेळा कागद फाडलाय, हा फाडणार नाही.

पुतळ्याला तुझा चेहरा आहे.

तार आली त्याच्या तिसऱ्या दिवशी कापडवाले आणि पेपरवाला घरी आले. म्हणाले, उद्याच्या अंकात मोठा छापायचाय, गणवेशातला द्या, रुबाबदार. आई आतल्या खोलीत होती. मी त्यांना बसवलं आणि स्टुडिओत गेलो. धाकट्याचं पाकीट काढलं. फोटो नव्हते असं नाही. एकात डोळे मिटलेले. एकात हलल्यामुळे दोन नाकं. एकात तोंड उघडं, कारण फोटो काढताना गप्प बसणं त्याला जमायचंच नाही. आणि सगळ्यांत ते कान. गणवेशातला एकही नव्हता. का नव्हता ते पुढे कधीतरी.

मग मी खालचा खण उघडला. तू गेलास त्या दिवशी शोकेसमधून तुझा फोटो काढला होता, तू मागे वळून बघितलं असतंस तर दिसलं असतं. पण निगेटिव्ह फेकली नव्हती. काळ्या कागदात गुंडाळून ठेवली होती. माझ्या हातून झालेलं सगळ्यात चांगलं काम आहे ते. उजवीकडून उजेड, मान किंचित वळलेली, हनुवटीवरची खळी नेमकी सावलीत. नवीन गिऱ्हाईक आलं की मी तोच दाखवायचो, असा काढून देईन म्हणून.

त्याच्या आदल्या वर्षी एका जवानाने लग्न जुळवायला गणवेशात फोटो काढून घेतला होता. त्याची निगेटिव्हही होती. पुढचं तुला माहीत आहे, तू माझ्याकडे ते काम बघितलंयस. आयुष्यभर मी लोकांना न शिवलेले कोट घातले, न घेतलेल्या घड्याळांवर त्यांचे हात ठेवले, टकलावर केस उगवले. ब्लेडने तुझा चेहरा कापला, त्या जवानाच्या टोपीखाली, गळ्यावर बसवला, सांध्यावरून ब्रश फिरवला आणि पुन्हा फोटो काढला. बाहेर ते दोघं चहा पीत होते. चहा निवायच्या आत प्रिंट दिली असती, पण सुकायला वेळ लागला.

"घाईत चूक झाली," असं लिहायचं मी ठरवून बसलो होतो. फाडलेल्या कागदांत तेच होतं. पण घाई नव्हती. मला ठाऊक होतं मी काय करतोय. उद्या गावभर जो चेहरा जाणार, तो 'फोटोवाल्याचा मुलगा' म्हणून जाणार, तर तो बघण्यासारखा असावा, असं मला वाटलं. मुलगा गेल्याचं कळून तिसरा दिवस आणि बापाच्या डोक्यात हे.

कुणी ओळखलं नाही. टोपीने निम्मं कपाळ झाकलेलं, खाली धाकट्याचं नाव. लोक आधी नाव वाचतात, मग चेहरा बघतात. तुला गावाने बघून सहा वर्षं झाली आणि तुम्ही भाऊ. सगळे म्हणाले, काय तेज आहे. मी मान हलवली. मग तोच फोटो मोठा करून पुढच्या खोलीत लागला. समितीने तोच शिल्पकाराला दिला.

तेव्हा तरी बोलायचं होतं. शिल्पकाराने मला शेडमध्ये बोलावून घेतलं. आडदांड माणूस, कोपरापर्यंत माती. ओल्या फडक्याखालून मातीचं डोकं बाहेर काढलं आणि म्हणाला, "मी हजार वेळा बघितलं तरी उपयोग नाही. बापाने बघितलं की झालं. सांगा, हाच का?"

मातीत तू होतास. मी भोवती फिरून बघितलं.

"हाच," मी म्हटलं. आणि वर काय म्हटलं माहीत आहे? "खळी थोडी खोल हवी. आणि डावी भुवई एक केस वर घ्या."

त्याने तिथल्या तिथे अंगठा दाबून खळी खोल केली. मला बरं वाटलं रे. काम नीट झाल्यावर वाटतं तसं. शेडच्या बाहेर आलो आणि नळावर हात धुतले, मातीला हातही लावलेला नसताना. तिथे मला कळलं की पुतळ्यात धाकट्याचं काहीच नाही. चेहरा तुझा, छाती त्या जवानाची. त्याचं फक्त खाली कोरलेलं नाव आहे.

दाढी का वाढवायला सांगितली ते आता तुला कळलंच असेल.

बाबा


९ नोव्हेंबर

थोरल्या,

तुझं पत्र आलं. पाठ झालंय, तरी पुन्हा लिहून काढतो, म्हणजे तुलाही कळेल की मी ते नीट वाचलंय. "निघताना तुम्ही दारात म्हणाला होतात, आजपासून तू मला मेलास. ट्रंक उचलायला धाकटा होता, त्यानेही ऐकलं. आता तुम्ही ते ब्राँझमध्ये ओतून घेतलंत. मेलेल्या माणसाने स्वतःच्या पुतळ्याला हजर राहायची रीत नाही. मी येत नाही."

पहिल्या पत्रात मी तेच मागितलं होतं, येऊ नकोस म्हणून. मिळालं.

पत्र खिशात ठेवून मी आईसमोर बसलो. म्हटलं, तुला एक सांगायचंय, फोटोबद्दल. ती दिव्याची काच पुसत होती. पुसायचं थांबली नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"थोरल्याचा आहे तो. पेपर आला त्या सकाळीच बघितलं. दोघांना मीच जन्म दिलाय, अहो. दाईने नाही."

"मग बोलली का नाहीस इतके महिने?"

तिने काच उजेडाकडे धरून बघितली. "मला वाटलं, चारचौघांत दाखवायला तुम्हाला हाच बरा वाटला असेल. आधीही हाच बरा वाटायचा."

तिच्या आवाजात राग असता तर मी सोसला असता. नव्हता. मीठ संपलंय म्हणून सांगावं तशी बोलली. मग उठली आणि तिच्या चष्म्याची डबी घेऊन आली. चष्म्याच्या खाली अस्तरात एक नखाएवढा फोटो होता. फौजेने त्याचं सामान पाठवलं त्यातल्या ओळखपत्रावरचा. मी ते ओळखपत्र बघितलं होतं, फोटो निघालेला दिसला होता, पण वाटलं पडला असेल. डोकं भादरलेलं, डोळे उजेडाने किलकिले, ओठ आता बोलणार असे, आणि दोन्ही बाजूंना ते दोन कान. पुढच्या खोलीत लोक भेटायला आले की ती आत निघून जायची, तेव्हा मला वाटायचं रडायला जाते. ती डबी उघडून बघायला जायची.

आता ते "पुढे कधीतरी" सांगून टाकतो. गणवेशातला फोटो का नाही ते.

शेवटच्या सुट्टीत, परत जायच्या आदल्या दिवशी तो स्टुडिओत आला. इस्त्री केलेला गणवेश, टोपी, बूट चकाचक. म्हणाला, "बाबा, एक काढा ना. तिकडे सगळ्यांकडे आपापले आहेत. मी फोटोवाल्याचा मुलगा, आणि माझ्याकडेच नाही. पोरं हसतात." मी स्टुलावर बसवला. दिवे लावले. भिंगातून बघितलं, तर टोपीखालून दोन्ही कान दाराच्या कड्यांसारखे बाहेर. मी दिवा हलवला, मान वळवायला लावली, पुन्हा हलवला. काही केल्या लपेनात. शेवटी दिवे बंद केले आणि म्हटलं, "आता नको. केस वाढले की ये, कान झाकले जातील. मग झकास काढू."

तो हसला. "बाबा, फौजेत केस वाढत नाहीत. कानच वाढतात, साहेबांनी ओढून ओढून." उठला, स्टूल जागेवर ठेवलं, दिव्याची वायर गुंडाळली, मी शिकवलं होतं तशी. आणि गेला.

एक बटण दाबायचं होतं रे. फिल्म भरलेली होती.

हे सगळं झाल्यावर मी कापडवाल्यांकडे गेलो. खरं ते सांगितलं. त्यांनी दुकानातल्या पोराला बाहेर पाठवलं आणि दार लोटून घेतलं. म्हणाले, "ओतून झालाय. पाहुण्यांची तारीख मिळालीये. पत्रिका वाटून झाल्या. आणि बिघडलं काय? भाऊभाऊ सारखेच दिसतात. त्या पोराचेही कान झाकले गेले, बरंच झालं की." मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तुम्ही दोन शब्द बोलायचेत त्या दिवशी. तेवढं डोक्यात ठेवा, बाकी विसरा."

मी उठून आलो. पण दोन शब्द मिळालेत ना, ते मी वापरणार आहे. तू नसशील. माझी ही फजिती तू बघणार नाहीस याने मला बरं वाटतंय, आणि असं वाटल्याची पुन्हा लाज वाटतेय.

बाबा


२४ नोव्हेंबर

बाळा,

झालं सगळं. सांगतो.

चौक भरला होता. दोरी ओढली, कापड खाली आलं, आणि तू उभा. उन्हात नवं ब्राँझ चमकत होतं. भुवई बरोबर एक केस वर. आई माझ्या शेजारी मांडीवर चष्म्याची डबी धरून बसली होती. तिने वर बघितलंच नाही.

पाहुणे बोलले, कापडवाले बोलले. मग मला माईकपुढे उभं केलं. म्हटलं, "हा माझा धाकटा नाही. हा थोरला आहे, तो जिवंत आहे, जहाजावर असतो. धाकटा असा दिसत नव्हता. त्याचे कान मोठे होते. मला त्याच्या कानांची लाज वाटायची, म्हणून मी थोरल्याचा चेहरा कापून लावला. तुम्ही सगळे वर्षभर चुकीच्या मुलापुढे मान झुकवताय, आणि ते माझ्यामुळे."

मला वाटलं, आता कुणीतरी ओरडेल. थुंकेल. मी तयार होतो. बायकांत कुणीतरी हुंदका दिला. मग आणखी कुणी. कापडवाल्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, हळूच माईक काढून घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बापाचं काळीज आहे. दुःखाने भ्रमिष्ट होतं माणूस. एका मुलात त्यांना दोन्ही मुलं दिसतायत." आणि टाळ्या सुरू झाल्या. टाळ्या रे! लोक उठून उभे राहिले. पाहुण्यांनी मला मिठी मारली. मी "खरं सांगतोय, खरं सांगतोय" म्हणत राहिलो, तसतसे ते जास्तच डोळे पुसायला लागले. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आलं, 'पित्याच्या अश्रूंचा बांध फुटला'. शेजारी पुन्हा तोच फोटो.

आयुष्यभर खोटं खपवलं आणि कुणी हटकलं नाही. एकदा खरं बोललो, तर वेडा ठरलो. यात कुणाचा दोष नाही, माझ्या हाताचाच आहे. इतकं चोख जोडलंय की सांधा कुणालाच दिसत नाही.

समारंभाच्या संध्याकाळी दोघं घरी आले. आधी शिल्पकार. तो टाळ्या वाजवत नव्हता, मी बघितलं होतं. दारातच उभा राहून म्हणाला, "त्या दिवशी शेडमध्ये तुम्ही खळीचं बोललात, तेव्हा तोंडावर दुःख नव्हतं. गिऱ्हाइकाच्या फोटोचं बोलावं तसं बोललात. मला तेव्हाच काहीतरी खटकलं होतं." म्हणाला, डोकं मी नव्याने घडवतो, पण चबुतरा समितीचा आहे. समितीला पटलं पाहिजे.

मग न्हावी आला. पहिल्यांदाच त्याला गप्प बघितलं. बराच वेळ चुळबुळ करून म्हणाला, "साहेब, मी आज पुतळ्याच्या अगदी जवळ गेलो. खळी आहे हो त्याला. सशाच्या हनुवटीवरून वस्तरा सरळ जायचा. अडखळायचा तो थोरल्याच्या. वर्षभर आरशाला लावलाय मी, आणि कान सोडून काही बघितलं नाही." त्याचे डोळे भरून आले. दोघंच आहेत ज्यांना पटलंय. कापडवाल्यांना जाऊन सांगितलं, तर म्हणतात, न्हाव्याच्या वस्तऱ्यावरून पुतळा उतरवायचा का? थोरल्याचा चेहरा आता कुणाला आठवतोय?

काल दुपारी मी स्टुडिओचं दार लावून आतला लाल दिवा लावला. आईला म्हटलं, ये. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या खोलीत तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं, वास सहन होत नाही म्हणून. पदर नाकाला लावून उभी राहिली. ओळखपत्रावरच्या फोटोची कॉपी करून मी तो मोठा केला, घरातल्या सगळ्यात मोठ्या कागदावर. कागद रसायनात बुडवला. थोडा वेळ पांढराच. मग आधी दोन कान उमटले. नुसते कान, मध्ये काहीच नाही. आई हसली. खरंच हसली, धाकटा गेल्यापासून पहिल्यांदा. मग मध्ये तो हळूहळू आला, किलकिले डोळे, उघडं तोंड. ती हसत होती आणि रडत होती आणि मला म्हणाली, "ब्रश लावलात तर हात मोडीन."

ब्रश लावला नाही. चेहरा जरा फुटलाय, इतक्या लहान फोटोचा इतका मोठा केला की फुटणारच. एका डोळ्यावर शिक्क्याची रेघ आहे, ती पण तशीच ठेवली. एक प्रत पुढच्या खोलीत त्या जोडलेल्या फोटोच्या जागी लावली. तुझा काढून ठेवलाय, वेगळा, ब्लेड न लागलेला. निगेटिव्हवरून पुन्हा छापला. तो शोकेसमध्ये जाईल, तू हो म्हटलंस तर. धाकट्याची दुसरी प्रत या पत्रासोबत आहे. बघ. हाच होता ना रे? मला वर्षभर दुसराच डोळ्यांपुढे यायचा. भिंगातून जे बघत राहतो तेच डोक्यात बसतं. आता कुठे हा परत यायला लागलाय.

तुझ्याकडे काही मागायचं तोंड मला नाही, हे माहीत आहे. दारात जे बोललो ते परत घेतो म्हटल्याने परत येत नाही, हेही माहीत आहे. तरी मागतो. माझ्यासाठी नको. ट्रंक उचलून बसस्टँडपर्यंत तुझ्याबरोबर आला त्याच्यासाठी.

ये. दाढी करून ये, चांगली घोटून, खळी स्वच्छ दिसली पाहिजे. टोपी घालू नकोस. भर दुपारी ये, बाजार भरलेला असताना. मी बसस्टँडवर उभा असेन. तिथून चौकापर्यंत आपण चालत जाऊ, सगळ्यांच्या देखत. त्या पुतळ्याशेजारी तू उभा राहा. लोक आधी तुझ्याकडे बघतील, मग पुतळ्याकडे, मग माझ्याकडे. हसतील, शिव्या घालतील, घालू देत. तू काही बोलू नकोस, बोलायचं ते मी बोलेन. तू नुसता जिवंत उभा राहा.

कारण तू जिवंत आहेस हे त्यांनी बघितल्याशिवाय, गेला तो कोण, हे त्यांना कधीच कळणार नाही.

वाट बघतो.

तुम्हा दोघांचा
बाबा